एकत्र राहणाऱ्यांचे अशाब्दिक संप्रेषण : 'वाडा चिरेबंदी' आणि 'अस्तु' यांच्या संदर्भात

प्रस्तावना

संप्रेषणाचे शाब्दिक आणि अशाब्दिक असे दोन प्रकार सर्वसाधारणपणे मानले जातात. त्यांपैकी दुसऱ्या प्रकाराची चर्चा मराठीत प्रामुख्याने दोन ठिकाणी आढळते. एक नाट्यशास्त्राच्या अभ्यासात आणि दुसरी व्यक्तिमत्त्व विकासाच्या पाठ्यपुस्तकांत. पहिली चर्चा रंगमंचावरील नटापुरती राहते, तर दुसरी मुलाखतीच्या खोलीत बसलेल्या उमेदवारापुरती. या दोन्हींच्या मधला फार मोठा प्रदेश मात्र अभ्यासाबाहेर राहिला आहे. तो म्हणजे घर. वर्षानुवर्षे एकाच छपराखाली राहणारी माणसे परस्परांना कोणत्या खुणांनी ओळखतात, कोणत्या खुणा पाहूनही पाहत नाहीत आणि या पाहण्याचा भार कोणावर पडतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट या दोन कलाकृती निवडल्या आहेत.

देहबोलीच्या कोशाची मर्यादा

महाविद्यालयीन वर्गात अशाब्दिक संप्रेषण शिकवताना एक आकडेवारी हमखास फळ्यावर येते. संवादातील शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 टक्के आणि चेहऱ्याचा 55 टक्के. ही आकडेवारी आल्बर्ट मेहराबियन आणि त्यांचे सहकारी यांनी 1967 साली प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांवरून काढलेली आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवले होते, एका प्रयोगात त्यांच्या जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रे होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढेच ओळखायचे होते. भावना आणि वृत्ती यांविषयीच्या बोलण्यापलीकडे हे प्रमाण लागू करू नये, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. तरीही आपल्याकडील पुस्तकांतून ते संप्रेषणाचा सार्वत्रिक नियम म्हणून वावरते. एखाद्या आकड्याला दशांश चिन्हाशिवायही इतके आयुष्य लाभावे, हे नवलच.

घराच्या संदर्भात या आकडेवारीचा काहीच उपयोग होत नाही, कारण त्या प्रयोगांतील सहभागींना समोरच्या व्यक्तीचा पूर्वेतिहास ठाऊक नव्हता. घरातील खुणेचा अर्थ मात्र पूर्वेतिहासातूनच सिद्ध होतो. सासूने ताट किंचित पुढे सरकवले याचा अर्थ तिऱ्हाइताला 'जेवण झाले' एवढाच कळेल. पण भाजीत मीठ जास्त झाले आहे, पाहुण्यांसमोर ते बोलायचे नाही आणि त्याचा हिशेब नंतर होणार आहे, हे सारे सुनेला त्याच सरकवण्यातून समजते. रे बर्डव्हिसल यांनी 1952 पासून देहहालचालींचा जो अभ्यास मांडला, त्याचे मर्म हेच होते की कोणत्याही हावभावाला संदर्भाबाहेर स्वतःचा असा ठाम अर्थ नसतो. हाताची घडी म्हणजे बचावाचा पवित्रा, नजर चुकवणे म्हणजे खोटेपणा अशी समीकरणे मांडणारे देहबोलीचे कोश घरात पाऊल टाकताच निरुपयोगी ठरतात. आपल्याकडे तर थोरांच्या नजरेला नजर न भिडवणे हा आदराचा संकेत होता, आणि अनेक घरांत तो आजही आहे.

एडवर्ड हॉल यांच्या 'द हिडन डायमेन्शन' (1966) या ग्रंथातील अंतरांच्या मांडणीविषयीही असेच म्हणावे लागते. सुमारे अठरा इंचांपर्यंतचे अंतर निकटचे, त्यापुढे चार फुटांपर्यंतचे वैयक्तिक, ही त्यांची वर्गवारी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीय प्रौढांच्या निरीक्षणावर आधारलेली होती, आणि ही मर्यादा त्यांनी स्वतः नोंदवली आहे. मराठी वाड्यात अंतर इंचांत मोजले जात नसे. ते ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसदार यांत मोजले जाई. कोण कोणत्या उंबऱ्यापर्यंत येते, पुरुषाने माजघरात शिरण्यापूर्वी खाकरावे, त्या आवाजासरशी बायकांनी पदर सावरावा, हे सारे संकेत वास्तूच्या रचनेतच मुरलेले होते.

मराठीत या क्षेत्रातील एक अनन्य शब्द आहे, तो म्हणजे 'अबोला'. मौन आणि अबोला यांत मूलभूत भेद आहे. मौन एकट्याचे असू शकते. अबोला धरण्यासाठी दुसरा माणूस लागतो, तो रोज समोर वावरणारा लागतो आणि त्याला अबोल्याचे कारण ठाऊक असावे लागते. अबोल्यात संवाद थांबत नाही, त्याचा मार्ग बदलतो. 'त्यांना सांग, पाणी तापलंय' हे वाक्य लहान मुलाला उद्देशून उच्चारले जाते आणि ज्याच्यासाठी असते तो तीन हातांवर उभा राहून ते ऐकत असतो. भांड्यांची आदळआपट, उंबऱ्यावर पाय आपटणे, नाक मुरडणे, डोळ्यांनी दटावणे, फुरंगटून बसणे हा सगळा शब्दसंग्रह मराठी कुटुंबव्यवस्थेने घडवला आहे. भरताने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव घरातल्या माणसाच्या नजरेला सर्वांत आधी टिपता येतात. ते ओढूनताणून आणता येत नाहीत, आणि ज्याने रोजचा स्वर ऐकला आहे त्यालाच स्वरातील भेद कळतो.

'वाडा चिरेबंदी' : सर्व काही दिसणारे घर

1985 साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलेले 'वाडा चिरेबंदी' हे नाटक सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे नाटक म्हणून सर्वत्र चर्चिले गेले. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या पुढील दोन भागांसह 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी त्याचा नाट्यत्रयी म्हणून प्रयोग केल्यानंतर हे वाचन अधिकच दृढ झाले. ते चुकीचे नाही. परंतु जमीन, पैसा आणि प्रतिष्ठा यांच्या ऱ्हासाकडे लक्ष देताना समीक्षेचे एका गोष्टीकडे काहीसे दुर्लक्ष झाले. हे नाटक परस्परांना पुरेपूर ओळखणाऱ्या माणसांचे आहे, आणि त्यांची शोकांतिका ओळख नसल्यामुळे घडत नाही.

विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या घरात तात्याजींचा मृत्यू झाला आहे. मुंबईचा मुलगा सुधीर पत्नी अंजलीसह उशिरा पोचतो. घरात आई, थोरला भास्कर आणि वहिनी, त्यांची मुले पराग आणि रंजू, अविवाहित चंदू आणि प्रभा, आणि तात्याजींची वृद्ध आई, म्हणजे दादी, आहेत. सुतकाच्या घरात दुःखाच्या खुणा परंपरेने नेमून दिलेल्या असतात. कोणी आले की गळ्यात पडून रडायचे, कोणी कुठे बसायचे, काय खायचे, कोणाला शिवायचे नाही. अशा ठिकाणी दुःख दाखवणे हे कर्तव्य ठरते. त्यामुळे प्रत्यक्ष दुःख कुठे आहे हे पाहायचे असेल तर विधीच्या फटींतून पाहावे लागते. तात्याजींच्या मृत्यूचा शोक आणि तेराव्याच्या खर्चाची चिंता या दोन गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी उमटतात, आणि घरातील प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर त्यांपैकी कोणती अधिक आहे हे न्याहाळत असतो. भावाभावांतील संवादांची खरी गती या न्याहाळण्यात आहे. वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच समोरच्याला ते कळलेले असते आणि उत्तर न उच्चारलेल्या भागाला दिले जाते.

दादीचे पात्र या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. ती पुनःपुन्हा किती वाजले हे विचारते, मृत मुलाला हाका मारते. हे शाब्दिक संप्रेषणच आहे. पण घरातल्यांच्या कानांनी त्याचे शब्दपण कधीच काढून घेतले आहे. दाराची करकर किंवा घड्याळाचा टोला जसा ऐकू येऊनही ऐकला जात नाही, तसे दादीचे विचारणे घराच्या आवाजांत जमा झाले आहे. सहवासाने शब्दाचे निव्वळ ध्वनीत रूपांतर होऊ शकते, हे निरीक्षण मराठी नाटकात इतक्या साधेपणाने क्वचितच आले असेल.

याच्या उलट चंदू. तो फारसे बोलत नाही. घरातील कष्टाची सगळी कामे त्याच्या अंगावर आहेत, दादीची सेवा तोच करतो. त्याच्या पायाला जखम होते आणि ती चिघळत जाते. ही जखम सर्वांना दिसते. लंगडणारा माणूस घरात दिवसभर वावरत असताना न दिसण्याचा प्रश्नच नाही. तरीही त्या दिसण्याचा अर्थ लागायला फार वेळ जातो, कारण चंदूचे शरीर हे त्या घराला काम करणारे शरीर म्हणूनच परिचित आहे. निरीक्षणाला सवयीने दिलेली चौकट खुणेपेक्षा बलवत्तर ठरते. अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर आणि चंदूची जखम या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असूनही घराने आपल्या नजरेतून वगळल्या आहेत. ट्रॅक्टरच्या प्रतीकाविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले. जखमेविषयी त्या मानाने कमी लिहिले गेले, याची नोंद घ्यावी लागते.

रंजूच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. तिचे सिनेमाचे वेड, शिकवणीच्या मास्तरांविषयीची ओढ या गोष्टी लपलेल्या नाहीत. शेवटी ती दागिने घेऊन पळून जाते तेव्हा घराला धक्का बसतो. प्रेक्षकाला तो तितकासा बसत नाही, कारण प्रेक्षक तिच्याकडे पाहत होता. घरातली माणसे तेवढा वेळ एकमेकांच्या मनातील वाटणीचा हिशेब पाहत होती. पाहण्याची शक्ती त्या घरात कमी नाही. ती सगळी एकाच दिशेला खर्ची पडली आहे.

येथे निरीक्षणाच्या असमान वाटपाचा मुद्दा उपस्थित होतो. एकत्र कुटुंबात ज्याच्या हाती सत्ता असते त्याला इतरांच्या चेहऱ्याकडे पाहण्याची फारशी गरज नसते. त्याचा चेहरा इतरांनी पाहायचा असतो. त्यामुळे अशाब्दिक खुणा वाचण्याचे कौशल्य घरातील दुर्बळ घटकांत, विशेषतः सुनांमध्ये, अधिक विकसित होते. वहिनी हे याचे ठळक उदाहरण आहे. कोणाला काय हवे, कोण कशावर रागावले आहे, आईला आता एकटे सोडावे की तिच्याजवळ बसावे, हे तिला न विचारता कळते. पण वहिनीला काय हवे हे वाचण्याची जबाबदारी नाटकातील कोणावरच नाही. म्हणूनच रात्री ती घराण्याचे दागिने अंगावर चढवते तो प्रसंग या नाटकाचा गाभा ठरतो. त्या प्रसंगात संवाद आहेत. परंतु त्यांचे काम दुय्यम आहे. दागिन्यांच्या भाराने तिची मान आणि पाठ ताठ होते, चालण्याची लय बदलते, आणि भास्कर तिच्याकडे पाहतो. भरताच्या परिभाषेत येथे आहार्याने आंगिकाला जन्म दिला आहे. वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात वाकलेले शरीर काही क्षणांपुरते घराण्याची मालकीण होते, आणि ते पाहायला एक नवरा तेवढा हजर असतो. ते दागिनेच पुढे रंजू नेते, हा या प्रसंगाचा पुढचा कठोर भाग आहे.

अंजलीच्या भूमिकेची उपेक्षा बरीच झाली आहे. मुंबईहून आलेली ही धाकटी सून घरातील खुणांच्या भाषेत अर्धवट साक्षर आहे. सुरुवातीला तिला बरेच काही कळत नाही, आणि जे कळते ते ती बोलून दाखवते. घरात राहणाऱ्यांना जे दिसेनासे झाले आहे ते तिला दिसते, पण त्यामागचा इतिहास तिच्याजवळ नाही. नाटक जसजसे पुढे जाते तसतशी तिची आणि वहिनीची जवळीक वाढते. ही जवळीक एकमेकींची मने मोकळी केल्यामुळे आलेली नाही. दोघींनी एकाच स्वयंपाकघरात काही दिवस काम केले, हे तिचे मोठे कारण आहे.

या नाटकाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. एलकुंचवार आपल्या शांततांवर नेहमीच विश्वास टाकत नाहीत. प्रभाची कडवट वाक्ये आणि सुधीरची स्पष्टीकरणे काही ठिकाणी प्रेक्षकाला आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगतात. प्रभाच्या बाबतीत याचे समर्थन करता येते. शिक्षण नाकारली गेलेली ही मुलगी खुणांच्या व्यवस्थेविरुद्धच बंड करते आहे, आणि जे सर्वांना माहीत आहे ते मोठ्याने उच्चारणे हाच तिचा अपराध आहे. सुधीरच्या बाबतीत असे समर्थन सापडत नाही. त्याचे भाषण पुष्कळदा लेखकाचे वाटते.

'अस्तु' : स्मृती नसलेली ओळख

'वाडा चिरेबंदी'तील पाहणे पूर्णतः स्मृतीवर उभे आहे. ती स्मृतीच नष्ट झाली तर एकत्र राहणाऱ्यांमध्ये कोणते संप्रेषण उरते, हा प्रश्न 'अस्तु' (2013) या चित्रपटात येतो. संस्कृतचे व्यासंगी विद्वान चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाच्या विकाराने ग्रस्त आहेत. मुलगी इरा त्यांना मोटारीत ठेवून बाजारात जाते, तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. पुढचा काळ ते माहुताच्या कुटुंबात राहतात. माहुताची पत्नी चन्नम्मा कानडी बोलणारी आहे. शास्त्रींना तिची भाषा पुरती उमगत नाही. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही. शास्त्री तिला आई मानू लागतात. मोहन आगाशे, इरावती हर्षे आणि अमृता सुभाष यांनी या भूमिका केल्या. चन्नम्मासाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचे आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या चित्रपटाचा सर्वोत्तम भाग शब्दांवाचूनच घडतो त्याला संवादांचे पारितोषिक मिळावे, यात एक गंमत आहे.

इराची अडचण समजून घेण्यासारखी आहे. तिला वडिलांच्या प्रत्येक लकबीचा अर्थ माहीत आहे, पण तो जुन्या वडिलांच्या लकबींचा अर्थ आहे. शास्त्रींनी भुवया आक्रसल्या की ते विचारात आहेत, हे तिचे आयुष्यभराचे वाचन. आता त्याच आक्रसण्यात विचार नसून भय असू शकते. खूण तीच राहिली आणि तिच्यामागचा माणूस बदलला. अशा वेळी दीर्घ सहवास साहाय्यभूत होण्याऐवजी आड येतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव परिचित आहे. शब्द हरपत जातात तेव्हाही स्पर्श, स्वर आणि चेहरा यांना प्रतिसाद देण्याची क्षमता पुष्कळ काळ टिकून राहते. पण तो प्रतिसाद नव्याने वाचावा लागतो. ज्याला पूर्वीचा माणूस ठाऊक आहे त्याला हे शिकणे अधिक जड जाते, कारण त्याच्या प्रत्येक वाचनात शोक मिसळलेला असतो.

चन्नम्मापाशी हा शोक नाही. तिच्यासमोर एक म्हातारा आहे, त्याला भूक लागली आहे, तो बावरला आहे, एवढेच तिला दिसते आणि तेवढे पुरेसे ठरते. अमृता सुभाष यांच्या अभिनयात लक्षणीय आहे ती घाईचा अभाव. खुणेचा अर्थ लागेपर्यंत थांबण्याची तिची तयारी असते. इराजवळ हे थांबणे नाही. दोष तिच्या स्वभावाचा नाही. तिच्या आयुष्यात संसार आहे, नोकरीधंद्याची धावपळ आहे, वडिलांना कोणी सांभाळावे हा न सुटलेला कौटुंबिक प्रश्न आहे. चित्रपट तिला खलनायिका ठरवत नाही, हे त्याचे मोठेपण होय.

मात्र चन्नम्माच्या चित्रणात चित्रपट एका सोयीच्या वाटेने जातो. तिचे समजून घेणे हे उपजत मातृत्वाचे फळ आहे, असे तो सुचवतो. गरीब, अशिक्षित स्त्रीच्या ठायी निसर्गतः ममता असते, ही सुशिक्षित मध्यमवर्गाची आवडती समजूत येथे डोकावते. वास्तविक पाहता चित्रपटानेच या आकलनाचे एक वेगळे कारण पुरवले आहे. हे कुटुंब हत्तीबरोबर राहते. कान हलवणे थांबले, सोंड आखडली, पाय जागच्या जागी हलू लागला, यांचे अर्थ ज्यांना रोज अचूक लावावे लागतात, आणि ते चुकले तर जिवावर बेतू शकते, त्यांचे निरीक्षण व्यवसायाने घडवलेले असते. न बोलणाऱ्या प्राण्याबरोबर राहण्याचे हे ज्ञान न बोलू शकणाऱ्या वृद्धाच्या कामी येते. वहिनीचे न विचारता कळणे जसे सासरच्या घराने तिच्याकडून करवून घेतलेले कष्टाचे काम होते, तसेच चन्नम्माचे ओळखणेही शिकून कमावलेले आहे. हत्ती मात्र चित्रपटात बहुतांश वेळ शास्त्रींच्या स्मृतीचे आणि परतणाऱ्या बालपणाचे प्रतीक म्हणून चालत राहतो. त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या माहुताच्या कसबाकडे कॅमेरा फारसा वळत नाही.